माहेर कराची, सासर बीड

आमच्या गल्लीतल्या सुनांची माहेरं विचारली तर उत्तरं ठरलेली. कुणी गेवराईची, कुणी माजलगावची, कुणी पाथरीची. फार लांबची म्हणजे परभणी, नाहीतर जालना. सकाळच्या एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला माहेरी. माझ्या चुलतभावाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या भाभीचं माहेर मात्र कराची. तिथं एसटी जात नाही. तिथं जायला आधी कागद जावा लागतो, मग माणूस.

श्रोतेहो, परदेशी जोडीदाराशी लग्न म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमानतळ, गोरी सून आणि सिनेमातली गाणी येतात. आमच्या मराठवाड्यातली गोष्ट वेगळी आहे. इथं परदेश हा पुष्कळदा आपल्याच नात्यातून निघालेला असतो. माझी फुफी १९४९ साली नवऱ्याबरोबर मुंबईहून बोटीनं कराचीला गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य संपलं होतं, लोक गोंधळलेले होते. काही गेले, बरेच राहिले. जाणाऱ्यांना वाटलं, चार दिवसांनी परत येऊ. पण दोन्ही देशांमध्ये १९४८ पासून परमिटची पद्धत सुरू झाली होती आणि १९५२ साली पासपोर्ट आला. ज्या वाटेनं माणसं सहज गेली होती, त्या वाटेवर दार बसलं.

हे दार किती जड होतं, त्याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंह, १९५५ चा निकाल. भारतात जन्मलेली एक बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. नवरा इथंच, बिहारमध्ये. ती तात्पुरत्या परमिटवर परत आली, पुन्हा गेली, मग कायमच्या परमिटवर आली. ते परमिट पुढे रद्द झालं. तिच्या बाजूनं म्हणणं असं, की नवरा भारताचा, म्हणून बायकोचं घरही भारतच. न्यायालयानं ते मानलं नाही. राज्यघटनेचं सातवं कलम सांगतं, की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या परमिटवर परतलेल्यांचा. लग्नाचं नातं त्या कलमापुढे टिकलं नाही. आपण म्हणतो, सात जन्मांची गाठ. कायदा विचारतो, गाठ ठीक आहे, तारीख कोणती?

आमच्या भाभीच्या वेळी काळ बदललेला होता. २००६ साली खोखरापार-मुनाबावची वाट पुन्हा उघडली आणि थार एक्स्प्रेस सुरू झाली. कराचीची माणसं लाहोर-अटारीचा वळसा न घेता थेट जोधपूरला उतरू लागली. फुफीच्या नातीशी माझ्या चुलतभावाचा निकाह कराचीत झाला आणि २००७ च्या उन्हाळ्यात भाभी त्या गाडीनं भारतात आली. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. जोधपूरपासून दोन गाड्या आणि शेवटी एसटी. घरात पाऊल ठेवलं तेव्हा तिच्या हातावरची मेंदी फिकी झाली होती आणि पासपोर्टवरचा शिक्का ताजा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांच्या आधी तिला पोलिसांकडे जाऊन हजेरी द्यावी लागली. पाकिस्तानी नागरिकानं पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत नोंद करायची, हा नियम. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस अधीक्षक हेच परकीय नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात.

आता ही वाट नीट समजून घेऊ. कारण नुसतं लग्न लागलं म्हणून परदेशी बायको किंवा नवरा भारतीय होत नाही. पुष्कळांचा असा समज असतो, आमचाही होता.

पहिली पायरी व्हिसाची. इतर देशांतून आलेल्या जोडीदाराला साधारणपणे प्रवेश व्हिसा मिळतो आणि तो इथं राहून वाढवता येतो. मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या, भारतीयाशी लग्न केलेल्या स्त्रीसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. त्या देशांत लग्न होऊन गेलेली मूळची भारतीय बाई विधवा किंवा घटस्फोटित होऊन परत आली आणि तिकडे तिला आधार देणारा पुरुष कुणी नसेल, तर तिलाही या व्हिसाची सोय आहे. भाभीच्या वेळी तो वर्षावर्षानं वाढवावा लागे. आमच्या घरी ईद, दिवाळीची सुट्टी आणि व्हिसाची मुदत असे वर्षाचे तीन ठरलेले दिवस होते.

दुसरी पायरी लग्नाच्या पुराव्याची. निकाहनामा उर्दूत, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर सही-शिक्के. इथं एक गंमत झाली, पण ती तेव्हा गंमत वाटली नाही. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे भाभीचं नाव पासपोर्टवर एका स्पेलिंगनं, भाषांतरात दुसऱ्या आणि भावाच्या प्रतिज्ञापत्रात तिसऱ्या स्पेलिंगनं आलं. एका कार्यालयातल्या बाबूंनी शांतपणे विचारलं, "या तिघी कोण?" भाऊ म्हणाला, "साहेब, एकच आहे, आणि तीही अजून पूर्ण माझी झालेली नाही." बाबू हसले, पण फाईल परत पाठवली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: कागदावर नाव एकदा लिहिलं की त्याची वेलांटीसुद्धा बदलू देऊ नका.

तिसरी पायरी नागरिकत्वाची. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या पाचव्या कलमात नोंदणीनं नागरिक होण्याची तरतूद आहे. मूळ कायद्यात ही सोय फक्त स्त्रियांसाठी होती. म्हणजे भारतीय पुरुषाची परदेशी बायको नोंद करू शके, भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला मात्र हे दार नव्हतं. मुलगी परक्याचं धन, हा आपला समज कायद्याच्या भाषेतही उतरला होता. १९८६ च्या दुरुस्तीनं 'स्त्री'ऐवजी 'व्यक्ती' आली आणि पाच वर्षं राहण्याची अटही आली. २००३ च्या दुरुस्तीनं पाचाची सात वर्षं झाली. आजचा हिशेब असा: अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथं राहिलेलं असावं आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं.

या सगळ्यात एका शब्दाला सर्वांत जास्त धार आहे, तो म्हणजे मुदत. वैध कागदांवर आलेला माणूस मुदत संपल्यावर राहिला तर कायद्याच्या व्याख्येत तो बेकायदा स्थलांतरित ठरतो. मग पाचव्या कलमाखाली अर्ज करता येत नाही. एवढ्यावर थांबत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्मानं नागरिक ठरायला आईबापांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. म्हणजे आईच्या व्हिसाची तारीख चुकली तर तिचा हिशेब तान्ह्या बाळाला द्यावा लागू शकतो. २००९ साली भाभीला बीडमध्ये मुलगी झाली, तेव्हा भावानं पेढ्यांच्या आधी व्हिसाची तारीख पाहिली होती. लोक त्याला वेडा म्हणाले. तो वेडा नव्हता, तो वाचणारा माणूस होता.

२०१४ साली भाभीनं अर्ज केला. असे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याकडे आणि तिथून केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे जातात. मध्ये चौकशा होतात. अर्ज मान्य होण्यासारखा असला तर आधी तत्त्वतः मंजुरीचं पत्र येतं आणि मग मूळ देशाच्या नागरिकत्वाचा त्याग केल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यानंतर निष्ठेची शपथ, त्यानंतर नोंदणीचं प्रमाणपत्र.

ऐकायला हे जिन्यासारखं सरळ वाटतं. पण या जिन्याला मध्ये एक पायरी नाही. जुना पासपोर्ट जमा केला आणि नवा अजून आला नाही, तेवढा काळ माणूस कुठलाच पासपोर्ट हातात नसलेला असतो. भाभी २०१६ च्या अखेरीस त्या जागी उभी होती. २०१७ च्या फेब्रुवारीत कराचीहून फोन आला, आई गेली. दहा वर्षांत भाभी दोनदा माहेरी जाऊन आली होती. तिसऱ्यांदा जायला तिच्याजवळ कागद नव्हता. तिनं अंगणात जानमाज अंथरली आणि दिवसभर तिथून उठली नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. काकू एवढंच म्हणाल्या, "माहेर कराचीला असलं तरी शेजार बीडचाच ना." मी कवी म्हणवतो, पण त्या दिवशी मला याहून बरं वाक्य सुचलं नाही.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजू नका. लग्न करून येणाऱ्या माणसाकडे संशयानं पाहणं ही जगभरची रीत आहे. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली. ती बातमी फुटल्यावर केवढा संताप उसळला आणि तो प्रकार बंद करावा लागला. आज ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं तर मिळकतीची अट आहे. एप्रिल २०२४ मध्ये ती वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली. पुण्या-नांदेडच्या आपल्या कितीतरी मुली अभियंता नवऱ्यामागे अमेरिकेला जातात, त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. शिकलेल्या असून त्यांना नोकरी करता येत नसे. २०१५ पासून त्यांतल्या काहींना, नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यावर पोहोचलं असेल तर, परवानगी मिळू लागली. त्या मुलींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं बर्फ आणि भाभीनं पाहिलेलं बिंदुसरेचं कोरडं पात्र, यांतली वाट पाहणं सारखंच.

ज्यांचा जोडीदार पाकिस्तान किंवा बांगलादेशाखेरीज दुसऱ्या देशातला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. लग्न नोंदवलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय कार्ड मागता येतं. त्यावर इथं राहता येतं, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होतं. त्याला नागरिकत्व समजू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा लागू झाला आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्यावर विसंबू नका, अर्ज करताना त्या दिवशीचा नियम पाहा.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द केले. दीर्घ मुदतीच्या व्हिसांना त्यातून वगळलं. पण ज्या बायका अल्प मुदतीवर आल्या होत्या आणि ज्यांचे दीर्घ मुदतीचे अर्ज अजून पडून होते, त्यांतल्या काहींना परत जाण्याचे आदेश निघाले. अटारीच्या फाटकावर आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि लेकरांचा दुसऱ्या देशाचा, अशी कुटुंबं उभी असलेली आपण टीव्हीवर पाहिली. भाभी ते पाहत होती. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही, पाळत ठेवणाऱ्यांचं कामही सोपं नाही. पण फाटक बंद होताना लग्न करून आलेली बाई नेमकी कुठल्या बाजूला आहे, हे तिच्या कागदावर वेळेत लिहिलेलं असणं, एवढी मागणी तरी रास्त आहे.

भाभीचं प्रमाणपत्र २०१८ च्या शेवटी आलं. शपथ घेऊन आली तेव्हा मुलीनं विचारलं, "अम्मी, आता तू कोण?" ती म्हणाली, "कालच होते तीच. आता सरकारलाही पटलं एवढंच." पुढच्या वर्षी तिचा भारतीय पासपोर्ट निघाला. ऑगस्ट २०१९ मध्ये थार एक्स्प्रेस थांबली. आता आईच्या कबरीवर जाऊन फातिहा पढायची तर तिला तिच्याच जन्मगावाचा व्हिसा मागावा लागेल. आधी सासरी राहायला परवानगी लागत होती, आता माहेरी जायला लागते.

निवडणूक आली की ती सकाळी सातलाच रांगेत उभी असते. मी एकदा म्हणालो, "भाभी, एवढी घाई कशाला?" तिनं शाई लावलेलं बोट दाखवलं. म्हणाली, "भाईजान, या बोटासाठी अकरा वर्षं वाट पाहिली. ऊन चढायच्या आत तरी लावून घेऊ दे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)