ऑनलाइन लिलावात दागिना घेताना: फसवा विक्रेता कसा ओळखायचा?

मी बोलतेय गुम्मिडिपूंडीहून. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ, सिपकॉटच्या कारखान्यांचं हे गाव. आजचा विषय माझ्या स्वतःच्या चुकीतून आलाय, म्हणून आधी ती सांगते.

भाचीच्या लग्नासाठी मी एका ऑनलाइन लिलावात डिझायनर हारावर बोली लावत होते. हार 18 कॅरेटचा. 1 लाख 80 हजारांवर तो दुसऱ्या कुणीतरी घेतला. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप आला: "त्या गिऱ्हाइकाने माघार घेतली. तुम्हाला 1 लाख 40 हजारांत देतो. फक्त पैसे थेट यूपीआयवर पाठवा, साइटचं कमिशन वाचेल." मी 25 हजार आगाऊ पाठवले आणि मग हॉलमार्क तपासला. म्हणजे क्रमच उलटा!

हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916, 18 ला 750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. 1 एप्रिल 2023 पासून या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की सराफाची नोंद, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. माझ्या हाराच्या फोटोतला क्रमांक खरा निघाला. पण ॲपमध्ये प्रकार होता अंगठी! कुणाच्या तरी अंगठीचा क्रमांक हाराच्या फोटोवर चिकटवला होता. म्हणून क्रमांक 'सापडला' एवढ्यावर थांबू नका. प्रकार आणि शुद्धता दोन्ही जुळवून पाहा.

एक अडचण लक्षात ठेवा. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, आणि डिझायनर दागिन्यांत हेच प्रकार भरपूर. तिथे एकूण वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून मागा, कारण खडे आणि आत भरलेली लाख सोन्याच्या भावाने विकली जाते. हिऱ्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असेल, तर त्याचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर नको.

हिशेबही करा. 18 कॅरेटच्या 20 ग्रॅम सोन्यात शुद्ध सोनं 15 ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने त्याची किंमत काढा. लिलावाची सुरुवात कमी रकमेने होणं स्वाभाविक आहे, पण 'शेवटची किंमत' सोन्याच्या किमतीपेक्षाही खाली असेल, तर तो माणूस तोट्यात का विकतोय, हे विचारा.

बोली वाढवणारेही पाहा. एकच नाव फक्त याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावतं आणि कधीच जिंकत नाही, तर ती बनावट बोली असू शकते. आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहा आणि तिथेच थांबा.

"पण साइट मोठी आहे ना?" असं कुणी म्हणेल. अमेरिकेत टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने ईबेवर नकली मालासाठी खटला भरला होता. 2008 मध्ये निकाल ईबेच्या बाजूने लागला आणि 2010 च्या अपिलात मुख्य मुद्द्यावर तो कायम राहिला. अमुक वस्तू नकली असल्याचं कळवल्यावर ती काढणं हे साइटचं काम, पण प्रत्येक वस्तू आधीच पारखणं तिच्यावर बंधनकारक नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायला हवा. मात्र व्यवहार साइटबाहेर नेलात, तर हे संरक्षण तुम्हीच सोडून देता.

विटा-खानापूर भागातली आपली गलाई कुटुंबं सोनं गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, चेन्नईतही आहेत. त्यातल्या ओळखीच्या एका काकांनी मला विचारलं, "ताई, दागिना हातात न घेता कस कुठं लावणार होता?" उत्तर नव्हतं. म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात तपासून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी भरली, तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

आणि फसलातच, तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा, बँकेला कळवा आणि निरोपांचे स्क्रीनशॉट जपा. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केल्यावर मी तासाभरात तक्रार केली, म्हणून 25 पैकी 16 हजार गोठवले गेले आणि पुढे परत मिळाले. उरलेले 9 हजार गेले. भाचीचा हार शेवटी दुकानात बसून, कस लावून घेतला.

पैसे शेवटी, तपासणी आधी. एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात.