बंदुकीसाठी बालकेच का?

सायंकाळ झाली की मुले घरी परततात, हा आपल्याकडील नित्यक्रम. पूर्व आफ्रिकेतील उत्तर युगांडात २००४ च्या सुमारास याच्या नेमके उलट घडत असे. दिवस मावळू लागला की खेड्यांतील हजारो मुले घर सोडून गुलू शहराची वाट धरीत आणि दुकानांच्या ओट्यांवर, चर्चच्या आवारात रात्र काढीत. घरी निजलो तर ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ ही बंडखोर सेना उचलून नेईल, हे त्यांचे भय होते.

जोसेफ कोनीची ही सेना मुलेच का पळवी? अचोली लोकांचा कैवार घेतल्याची भाषा ती बोले. पण अचोली प्रौढ माणसे आपण होऊन तिला मिळेनाशी झाली. शिवाय प्रौढ मनुष्य वेतन मागतो, प्रश्न विचारतो. मुलाला थोडे अन्न आणि पुष्कळसा धाक पुरतो. भाला पेलायला बळकट दंड हवेत. सुमारे ४ किलो वजनाची एके-४७ बंदूक लहान मुलगाही चालवू शकतो. परंतु सर्वांत क्रूर युक्ती निराळीच होती. पळवलेल्या मुलाकडून कित्येकदा गावकऱ्याचा, प्रसंगी नातलगाचाही वध करवीत. मग त्याने परत जावे तरी कोठे? गाव आपल्याला क्षमा करणार नाही या भीतीने तो टोळीलाच धरून राही.

मुलीही सुटल्या नाहीत. ओझी वाहणे, स्वयंपाक करणे आणि नायकांच्या बायका होणे त्यांच्यावर लादले जाई. १९९६ च्या ऑक्टोबरात अबोके येथील मुलींच्या शाळेतून एका रात्रीत १३९ विद्यार्थिनी नेल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकाला सोबत घेऊन रानातून मागावर गेल्या आणि १०९ मुली त्यांनी सोडवून आणल्या. ३० मागे राहिल्या. रोज वर्गात हजेरी घेणाऱ्या आम्हांला हा आकडा वाचवत नाही.

डॉमिनिक ओंगवेन याला शाळेच्या वाटेवर पळवले, तेव्हा तो सुमारे ९ वर्षांचा होता. तोच पुढे या सेनेचा मोठा नायक झाला. २०२१ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. १५ वर्षांखालील मुलांना लढाईत ओढणे हाही त्याच्या गुन्ह्यांपैकी एक. त्याच्या हिरावलेल्या बालपणाचा विचार करून न्यायालयाने जन्मठेप दिली नाही, २५ वर्षांचा कारावास दिला. तिघा न्यायाधीशांपैकी एकाचे मत मात्र ३० वर्षे द्यावीत असे होते.