गॅसची नळी किती व्यासाची असावी?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतील असंख्य कुटुंबांची सकाळ लोकलच्या वेळेशी बांधलेली आहे. मुंबईला कामावर जाणाऱ्यांचे डबे पहाटेच भरावे लागतात, त्यामुळे एकाच इमारतीतील बहुतेक शेगड्या जवळजवळ एकाच वेळी पेटतात. नळीवाटे मिळणाऱ्या गॅसची खरी परीक्षा होते ती याच तासाभरात. या वेळी ज्योत मंदावली, भाकरी फुगेनाशी झाली, की दोष गॅसला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा कारण असते भिंतीवरील नळीचा अपुरा व्यास.

ठाणे शहर व लगतच्या परिसरात नळीवाटे नैसर्गिक वायू पुरविण्याचे काम १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी करते. या तिन्ही शहरांचा समावेश तिच्या अधिकृत क्षेत्रात होतो. अशा वितरणाचे नियमन २००६ च्या अधिनियमान्वये निर्माण झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ करते. जोडणी देणे आणि तिचे गणित मांडणे हे कंपनीच्या तंत्रज्ञांचे काम होय. तथापि त्यांना योग्य माहिती पुरविणे हे ग्राहकाच्या हाती असते आणि त्यासाठी या गणितामागील तत्त्व समजून घेणे उपयुक्त ठरते.

वीतभर पाण्याइतका दाब

शहराच्या वेशीवर गॅस मोठ्या पोलादी वाहिनीतून अत्यंत उच्च दाबाने येतो. वस्तीतील पॉलिइथिलिनच्या भूमिगत नळ्यांत तो उतरत उतरत, घरातील शेगडीपाशी सुमारे २१ मिलिबारपर्यंत आणला जातो. वीतभर उंचीच्या पाण्याचा तळाशी जेवढा दाब असतो तेवढाच हा दाब. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो मुद्दाम अल्प ठेवलेला असतो. पण मूळचाच दाब अल्प असल्यामुळे वाटेत होणारी थोडीशी घटही शेगडीला जाणवते.

पाण्याच्या नळाचा अनुभव सर्वांनाच आहे. वाहिनीच्या शेवटच्या घराला पाणी कमी दाबाने येते, विशेषतः मधल्या सर्व घरांचे नळ एकाच वेळी उघडलेले असताना. गॅसचेही तसेच आहे. फरक एवढाच, की पाणी मंद आले तरी हंडा उशिरा का होईना भरतो. गॅसची ज्योत मात्र फार मंद झाली तर वाऱ्याच्या झुळुकीने विझते आणि न जळलेला गॅस खोलीत पसरू लागतो. म्हणून नळीचा व्यास ही केवळ सोयीची बाब नव्हे.

तीन गोष्टींचा हिशेब

व्यास ठरविताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : सर्व उपकरणे एकदम चालू असताना तासाला लागणारा गॅस, नळीची लांबी आणि वाटेत चालू शकेल अशी दाबातील घट. यांचा संबंध दाखविणारे सूत्र पोल या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. त्याचा आशय सोपा आहे. लांबी दुप्पट झाली तर घट दुप्पट होते. गॅसची मागणी दुप्पट झाली तर घट चौपट होते. परंतु व्यास निम्मा केला तर तीच घट ३२ पट होते. व्यासातील किरकोळ काटकसर महाग का पडते, ते यावरून ध्यानात येईल.

एका घराचे उदाहरण घेऊ. दोन बर्नरची शेगडी पूर्ण ज्योतीवर तासाला साधारणतः ०.४ घनमीटर गॅस घेते. आता याच घरात मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गॅस गिझर बसवावयाचा आहे. पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवावयाचे तर मिनिटाला १५० व तासाला ९,००० किलोकॅलरी उष्णता पाण्याला मिळाली पाहिजे. वाया जाणारा भाग धरता सुमारे ११,००० किलोकॅलरी लागतील. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरपासून साधारणतः ९,००० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे गिझरला तासाला सुमारे १.२ घनमीटर गॅस हवा. एकटा गिझर शेगडीच्या तिप्पट गॅस मागतो !

मीटरपासून नळीची लांबी १० मीटर आणि आतला व्यास १५ मिलिमीटर असेल, तर केवळ शेगडीसाठी होणारी घट नगण्य, ०.०३ मिलिबारच्या आसपास असते. गिझर जोडताच एकूण मागणी चौपट, १.६ घनमीटर होते आणि घट सोळापट, म्हणजे सुमारे ०.४ मिलिबारवर जाते. हीच नळी ३० मीटर लांब असेल तर घट १.२ मिलिबारवर पोहोचते. ब्रिटनमधील प्रचलित मानकानुसार मीटर आणि उपकरण यांच्यामध्ये १ मिलिबारपेक्षा अधिक घट होऊ देत नाहीत. त्या कसोटीवर ही नळी अपुरी ठरेल. तिच्याऐवजी २० मिलिमीटरची नळी घातली तर घट ०.३ मिलिबारच्या आत राहते. लांबी मोजताना वळणेही जमेस धरली पाहिजेत, कारण लहान नळीतील प्रत्येक कोपरा जवळजवळ अर्धा मीटर सरळ नळीइतका अडथळा करतो.

आतला व्यास की बाहेरचा ?

येथे एक चूक हमखास होते. लोखंडी जी. आय. पाइपचे माप स्थूलमानाने आतल्या पोकळीचे असते, तर तांब्याच्या नळीचे माप सामान्यतः बाहेरून घेतलेले असते. १२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीची पोकळी ११ मिलिमीटरहूनही कमी भरते. १५ मिलिमीटर पोकळीच्या नळीशी तुलना करता तिच्यातील घट सुमारे पाचपट होते. आकडे जवळचे दिसतात म्हणून एकीच्या जागी दुसरी घालणे योग्य नव्हे.

याउलट नळी जितकी मोठी तितकी चांगली, हाही समज खरा नाही. गरजेपेक्षा मोठ्या नळीला खर्च अधिक येतो, जागा अधिक लागते आणि तिने ज्योत काही अधिक प्रखर होत नाही.

चाळ, बराक आणि इमारत

इमारतीच्या उभ्या नळीचे गणित करताना सर्व घरांच्या मागणीची सरळ बेरीज करीत नाहीत, कारण सर्व उपकरणे एका क्षणी पूर्ण शक्तीने क्वचितच चालतात. तथापि पहाटेची गर्दी लक्षात घ्यावीच लागते. उंचीबाबत मात्र निसर्गाचे साहाय्य होते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे दर मीटर उंचीमागे दाबात सुमारे ०.०५ मिलिबारची भर पडते. चौथ्या मजल्यावरील गृहिणीने केवळ उंचीमुळे गॅस कमी येईल अशी चिंता करण्याचे कारण नाही. अडचण आडव्या लांबीची असते. लष्करी छावणीच्या बराकींतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या शहरात, तसेच अंबरनाथ-बदलापूरच्या बैठ्या चाळींत एकामागून एक खोल्या ओळीने असतात. अशा ठिकाणी शेवटच्या खोलीचा विचार आधी झाला पाहिजे.

नागरिकांनी काय करावे ?

जोडणीचा अर्ज करतानाच पुढे गिझर बसविण्याचा विचार असल्यास तो सांगावा. फरशी व रंगकाम झाल्यावर नळी बदलणे खर्चाचे असते. स्वयंपाकघर हलविताना किंवा नवे उपकरण घेताना परस्पर प्लंबरकडून नळी वाढवून घेऊ नये, कंपनीला कळवावे. सिलिंडरची शेगडी नैसर्गिक वायूवर चालविण्यासाठी तिच्या जेटचे छिद्र बदलावे लागते, तेही तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना गिझरविषयी आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळण्यास सुमारे १० घनमीटर हवा लागते. बंद न्हाणीघरात ती अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होतो. पुरविल्या जाणाऱ्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. या विषाची चाहूल मात्र लागत नाही. नळी योग्य व्यासाची असली तरी गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असणे अगत्याचे आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हा विषय घेतल्यास त्याचा लाभ घरोघरी पोहोचेल. व्यास निम्मा केला तर घट ३२ पट, एवढे एक गणित विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगितले, तरी नळी घालण्यापूर्वी त्या घरात योग्य तो प्रश्न विचारला जाईल.