वार झाल्यानंतर काय?

तलवारबाजीचे व्हिडिओ गेम खेळणारी मुलं आता अनेक घरांत दिसतात. पडद्यावर जपानी सामुराई असतो आणि मुलाची बोटं बटणांवर सटासट चालत असतात. मोठ्यांना त्यात नुसती मारामारी दिसते, मुलाला डावपेच दिसतात. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं, तर आधी जपानच्या केंडोकडे जायला हवं.

केंडो म्हणजे तलवारीचा मार्ग. यातली तलवार मात्र बांबूची. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून ती करतात, तिला शिनाई म्हणतात. डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, हातात जाड मोजे, छातीवर कवच. अठराव्या शतकात ही साधनं रूढ होत गेली आणि शिष्यांना एकमेकांना इजा न करता जोरानं वार करायचा सराव करता येऊ लागला. पुढे १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगून फिरायला बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर केंडोवरही बंदी आली आणि १९५२ मध्ये अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाल्यावर तो पुन्हा उभा राहिला.

आता अडचण पाहा. तलवार बांबूची झाली, मरणाची भीती गेली. मग हातातली काठी कुणी वाटेल तशी फिरवली, तर त्याला अडवायचं कसं? केंडोनं याचं उत्तर गुण देण्याच्या नियमांत ठेवलं आहे. शिनाई नुसती अंगाला लागून भागत नाही. वार डोकं, मनगट, धड किंवा गळा या ठरलेल्या जागीच बसायला हवा. शिनाईच्या एका बाजूला दोरी ताणलेली असते. ती तलवारीची पाठ. तिच्या विरुद्ध बाजूला धार आहे असं मानायचं, आणि वार त्या धारेनंच व्हायला हवा. आरोळी, पाऊल आणि शिनाई यांचा मेळ एकाच क्षणी जमावा लागतो. तीन पंचांपैकी किमान दोघांना तो वार पटला पाहिजे.

शेवटची अट सर्वांत अवघड. तिचं नाव झानशिन. वार झाल्यावरही मन आणि शरीर सावध राहिलं पाहिजे. गुण मिळाला म्हणून कुणी आनंदानं हात उंचावला, तर तो गुण काढून घेतला जाऊ शकतो. मुशायऱ्यात शेर म्हणून झाल्या झाल्या शायरच स्वतःची पाठ थोपटू लागला, तर चांगला शेरही हलका होतो. तसंच काहीसं हे आहे.

आता पडद्याकडे येऊ. १९८४ च्या 'कराटे चॅम्प' या गेममध्ये खऱ्या स्पर्धेसारखा पंच होता, अर्धा आणि पूर्ण गुण होता. पण १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आला, अफाट चालला, आणि पडद्याच्या वरच्या बाजूची पट्टी हाच रिवाज पक्का झाला. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की हार. १९९३ च्या 'सामुराई शोडाउन'मध्ये तलवारी आल्या, तरी पट्टी राहिलीच.

यंत्र वार ओळखतं तरी कसं? प्रत्येक योद्ध्याभोवती न दिसणाऱ्या चौकटी आखलेल्या असतात. तलवारीची चौकट शरीराच्या चौकटीला भिडली की मार लागला. मनाची सावधता यंत्राला मोजता येत नाही. उलट 'स्ट्रीट फायटर २'मध्ये जिंकणारी चुन-ली आनंदानं उड्या मारते. केंडोत जे केल्यानं गुण जातो, ते इथे बक्षीस म्हणून दाखवतात!

तरी एक गोष्ट या खेळांतही आहे. वार हुकला की योद्धा क्षणभर अडकतो, कारण हात पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा साधून घेतो. म्हणून चांगला खेळाडू उगाच बटणं बडवत नाही, थांबायला शिकतो.

१९९७ चा 'बुशिडो ब्लेड' याच्या बराच पुढे गेला. त्यात ती पट्टीच नव्हती. वर्मी बसलेला एक वार आणि लढत संपली. पायावर वार बसला, तर योद्ध्याला उभं राहता येत नसे. शिवाय कथेच्या भागात प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर वार केला, तर जिंकूनही खेळ अर्ध्यावर बंद पडायचा. यंत्रानं अदब राखायला लावली ती अशी. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये, म्हणजे १२७४ च्या मंगोल स्वारीवरच्या खेळात, समोरासमोर उभं राहण्याचे प्रसंग येतात. बटण दाबून धरायचं आणि शत्रू खरोखर झेपावला की सोडायचं. त्याच्या हुलकावणीला फसून आधी सोडलं, तर मार बसलाच.

बांबूची तलवार हीसुद्धा एके काळी खोटी तलवारच होती. तिला गांभीर्य आलं ते नियमांमुळे. पडद्यावरच्या तलवारीचंही तेच आहे. तेव्हा "बंद कर तो गेम" म्हणण्याआधी थोडा वेळ मुलाशेजारी बसा. रक्त किती सांडतं एवढंच बघू नका. घाई करणाऱ्याला हा खेळ काय देतो, थांबणाऱ्याला काय देतो आणि वार झाल्यानंतर काय करायला लावतो, तेही बघा. मग मुलालाच विचारा. उत्तर त्याला तुमच्याआधी ठाऊक असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)