नववा महिना कशासाठी?

डोहाळजेवण झालेलं असतं. पहिलटकरीण माहेरी येऊन आठ-पंधरा दिवस उलटलेले असतात. आईने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन ठेवलेली असतात. डिंक आणि अळीव घरात येऊन पडलेले असतात. मग बोलायला एकच विषय उरतो, तो म्हणजे तारीख. फाइलवर लिहिलेल्या तारखेपासून मागे-पुढे मोजणी सुरू होते आणि सिझेरियन करायचं ठरलंच असेल, तर काही घरांत पंचांगही उघडलं जातं. ‘बाळ काय, तयारच आहे, आता फक्त वजन वाढायचं’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत बाळाच्या शरीरात अशी कामं चालू असतात, जी बाहेर आल्यावर तितक्या सहजपणे पूर्ण होत नाहीत.

सगळ्यात मोठं काम फुप्फुसांचं. पोटात बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो आणि त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. जन्मल्यावर काही मिनिटांत तो द्रव बाजूला सारून लाखो सूक्ष्म वायुकोश हवेने उघडावे लागतात आणि ते उघडेच राहावे लागतात. ओल्या पृष्ठभागाचा ताण मात्र त्यांना सतत मिटवू पाहतो. हा ताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ म्हणजे सरफॅक्टंट. फुप्फुसांतल्या काही पेशी तो साधारण २४ व्या आठवड्यापासून बनवू लागतात, पण पुरेसा साठा व्हायला ३४ वा-३५ वा आठवडा उजाडतो.

अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासासाठी धडपडत का दगावतात, याचं उत्तर १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकी संशोधकांनी दिलं. अशा बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंटची कमतरता असते, हे त्यांनी दाखवलं. कारण सापडलं तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साधारण साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या मुलासाठीही तेव्हाच्या वैद्यकाला काही करता आलं नाही.

वाट दाखवली ती न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांनी. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूती नेमकी कशाने सुरू होते, याचा शोध घेत होते. त्यासाठी ते मेंढीच्या पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड देत. त्यातली काही कोकरं इतकी लवकर जन्मली, की ती श्वास घेऊच शकायला नको होती. पण ती अपेक्षेपेक्षा जास्त वेळ जगली आणि त्यांची फुप्फुसं काही अंशी उघडलेली सापडली. लिगिन्स यांना या खुणेचं मोल कळलं. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज एखाद्या स्त्रीला वेळेआधी कळा सुरू झाल्या की तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती या कामाच्या आधारावर. आपल्या सरकारी आरोग्यसेवेतही ती देतात. मला हा शोध विसाव्या शतकातल्या थोर शोधांपैकी एक वाटतो. त्याने किती घरांत पाळणा हलता ठेवला, याची गणतीच नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळात हेच काम निसर्गक्रमाने होतं. दिवस भरत येतात तसं बाळाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढतं आणि फुप्फुसं पक्की होतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रिनलिन उसळतं आणि फुप्फुसांतला द्रव झपाट्याने शोषला जाऊ लागतो. कळा येण्याच्या आत, दिवस पुरते भरलेले नसताना सिझेरियन केलं तर बाळ या तयारीला मुकतं. अमेरिकेतल्या १९ केंद्रांमधल्या १३ हजारांहून अधिक नियोजित सिझेरियनांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सगळ्या स्त्रियांचं आधी सिझेरियन झालेलं होतं आणि घाई करावी असं वैद्यकीय कारण नव्हतं. ३७ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांपैकी १५.३ टक्के बाळांना श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, साखर उतरणं किंवा अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं, अशी एखादी तरी अडचण आली. ३८ व्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्के होतं, तर ३९ व्या आठवड्यात ८ टक्के. जेमतेम दोन आठवड्यांत धोका जवळपास निम्म्यावर आला. म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने व्याख्या बदलली आणि ‘पूर्ण दिवस’ हे शब्द ३९ आठवडे पुरे झाल्यानंतरच्या बाळांसाठी राखून ठेवले.

तेव्हा मुहूर्ताबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सिझेरियन ठरलं आहे, ३९ आठवडे पुरे झाले आहेत आणि डॉक्टरांनी दिलेल्या दोन-तीन दिवसांतून घरच्यांना एक निवडायचा आहे, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण चांगलं नक्षत्र साधण्यासाठी ३७ व्या आठवड्यात पोट उघडायला लावणं हा बाळावर अन्याय आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी. आईचा रक्तदाब वाढला, साखर आटोक्यात राहिली नाही, बाळाची वाढ मंदावली, तर ‘लवकर प्रसूती करू’ या डॉक्टरांच्या निर्णयाला अमावास्येचं कारण देऊन अडवू नये.

फाइलवरची तारीख तरी कुठे पक्की असते? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, ही रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. सुरुवातीच्या सोनोग्राफीमुळे ती अधिक नेमकी झाली, तरी नेमक्या त्या तारखेला वीसातलं एखादंच बाळ जन्माला येतं. पहिलटकरणीचे दिवस थोडे पुढे जाणं अगदी नेहमीचं आहे. तारीख उलटल्यावर तपासणी चुकवू नये, पण शेजारपाजारच्यांनी ‘अजून नाही?’ असा रोज फोनही करू नये.

बाळाचा मेंदूही या दिवसांत थांबलेला नसतो. ३५ व्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतं. कान केव्हाच कामाला लागलेले असतात. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं, की जेमतेम तीन दिवसांचं बाळ चोखण्याची लय बदलून आपल्या आईचा आवाज निवडतं. गर्भसंस्काराच्या नावाखाली महागडे संच विकणाऱ्यांनी या प्रयोगाचा नको तितका अर्थ काढला आहे. त्याने दिसतं ते एवढंच, की बाळ आपल्या आईचा आवाज ओळखतं, आणि त्यासाठी तिचं रोजचं बोलणं पुरतं.

याच काळात बाळ आईकडून शिदोरी बांधून घेतं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून मोठ्या प्रमाणात जातात ती शेवटच्या आठवड्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांची पातळी अनेकदा आईपेक्षाही जास्त भरते. गरोदरपणात दिलेली धनुर्वाताची लस बाळाला वाचवते ती अशी. लोहाचा साठाही मुख्यतः शेवटच्या तिमाहीतच होतो आणि त्यावर बाळ पहिले सहा महिने काढतं, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. पण आईकडेच नसेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी शौचाला काळं होतं, मळमळतं म्हणून उशाखाली पडून राहते. ती रात्री जेवणानंतर घ्या, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, पण चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. प्रसूतीनंतर नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मिनिटात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे पोचतं. हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आईच्या शरीराचीही तयारी चाललेली असते. बाळ खाली सरकतं, पोट उतरतं, श्वास जरा मोकळा होतो आणि लघवीला वारंवार जावं लागतं. खोट्या कळा येतात. त्या चालल्यावर, कूस बदलल्यावर विरतात. खऱ्या कळा वाढत जातात, जवळजवळ येतात, थांबत नाहीत. पहिल्या खेपेला हे सावकाशच चालतं. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा अनेक दशकं पाळलेला दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाजूला ठेवला. खरा जोर पाच सेंटिमीटरनंतर येतो, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तास लागले तरी ते चारचौघींसारखंच आहे. या तासांत जवळ कुणी असणं म्हणजे नुसता धीर नव्हे. २६ चाचण्यांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेला आढावा सांगतो, की सतत सोबत असलेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती अधिक वेळा झाली आणि कळाही कमी वेळ चालल्या. आई, बहीण, मावशी, नवरा, कोण थांबणार ते आताच ठरवा आणि रुग्णालय आत सोडतं का तेही विचारून घ्या.

बाळ जन्मलं की ते पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि पहिल्या तासातच पाजायला घ्यावं. पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिवळसर चीक थेंबाथेंबानेच येतो. आईला ‘दूधच नाही’ असं वाटतं आणि घरातलं कुणीतरी वरच्या दुधाची बाटली पुढे करतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि मगच दूध भरून येतं, त्याला हे दोन-तीन दिवस लागतातच. तोवर चीकच बाळाचं अन्न आणि संरक्षण. मधाचं बोट चाटवू नका. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका, ती कोरडी ठेवा.

घरी आल्यावरचा महिनाही जोखमीचा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या काळजीचं शिक्षण दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यातूनच पुढे देशभर आशाताई बाळाच्या घरी येऊ लागल्या. पण लेक सासरच्या गावी नोंदलेली आणि बाळंतपण माहेरी, अशा वेळी माहेरच्या आशाताईला तिचा पत्ताच नसतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणा आणि माहेरी पोचल्याच्या आठवड्यातच आशाताईंना भेटा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं, हा समज चुकीचा आहे. हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, अंगावरून रक्त गेलं, पाणमोट फुटली, डोकं असह्य दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, यांतलं काहीही झालं तर सकाळ होण्याची, सासरच्यांना विचारण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.