डबेवाल्या मावशींसाठी दीड तासात ॲप बनवलं, मग पुढचे तीन आठवडे काय केलं?

विश्रांतवाडीत मी ज्या मावशींकडे डबा लावलाय त्यांचे ३८ मेंबर आहेत. जवळपास सगळी टिंगरेनगर, धानोरी, कळस या भागात रूम करून राहणारी पोरं. हिशोब एका वहीत. कोण कधी आला नाही, म्हणजे किती खाडे पडले, हे मावशी महिनाअखेरीला बोटांवर मोजतात आणि पैसे सांगतात. २०२५ च्या जुलैअखेर मी त्यांना म्हटलं, "मावशी, ॲप बनवून देतो. फुकटात." त्या म्हणाल्या, "बनव बाबा. पण माझी वही घेऊन जाऊ नको."

मला कोडिंग येत नाही. तरीही दीड तासात ॲप मावशींच्या फोनवर चाललं. आधी ते कसं झालं ते सांगतो, कारण तुम्हालाही जमेल.

एआय वापरून ॲप करायचे सध्या दोन रस्ते आहेत. पहिला, तुम्ही साध्या भाषेत सांगायचं आणि एआयने सगळा कोड लिहायचा. लव्हेबल, रिप्लिट ही त्यातली नावं. आंद्रे कारपथीने फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकाराला 'वाइब कोडिंग' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. दुसरा रस्ता नो-कोड. इथे कोड नसतोच, तुमच्या तक्त्यावरून ॲप तयार होतं. गूगलचं ॲपशीट यातलं (गूगलने ही कंपनी २०२० मध्ये विकत घेतली).

मी आधी पहिला रस्ता धरला. स्क्रीन एकदम झकास आली, लॉगिनसकट. पण मेंबरांचे फोन नंबर नक्की कुठे साठतायत आणि ते कोणाला दिसतात, हे मला सांगता येईना. २०२५ मध्येच स्पर्धक रिप्लिटमधल्या एकाने लव्हेबलवर बनलेली १,६४५ ॲप तपासली. त्यातल्या १७० मधली माहिती लॉगिन न करताही बाहेरच्याला वाचता येत होती. ॲप चालत होती, दिसायला छान होती, फक्त डेटाबेसला कुलूप नव्हतं. जे मला तपासता येत नाही त्यात ३८ जणांचे नंबर आणि रूमचे पत्ते टाकायचे नाहीत, असं ठरवलं आणि ॲपशीटकडे वळलो.

काम असं होतं. गूगल शीटमध्ये दोन पानं केली. 'मेंबर' पानावर नाव, फोन, महिन्याचे पैसे. 'खाडे' पानावर कोणाचा आणि कोणत्या तारखेचा. मग शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूतून ॲपशीट उघडलं, की ते रकाने बघून स्वतःच फॉर्म आणि याद्या बनवतं. हिशोबाचं सूत्र जेमिनीला मराठीत विचारलं: "माझ्याकडे मेंबर आणि खाडे असे दोन तक्ते आहेत. प्रत्येक मेंबरचे या महिन्यातले खाडे मोजायचे आणि महिन्याचे पैसे भागिले ३० या दराने तेवढे वजा करायचे. ॲपशीटचं सूत्र दे आणि कुठे टाकायचं ते सांग." त्याने दिलं. विचारताना खरी नावं-नंबर चॅटमध्ये टाकू नका. रकान्यांची नावं आणि दोन खोट्या ओळी पुरतात.

प्ले स्टोअरची गरजच पडली नाही. मावशींच्या फोनवर ॲपशीटचं ॲप टाकलं, त्यांच्या गूगल खात्याने आत गेलो, झालं. नेट नसलं तरी नोंद होते आणि नेट आलं की शीटमध्ये जाते. स्वतःचं ॲप स्टोअरवर टाकायचंच असेल तर २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मावशींच्या खाड्यांसाठी एवढं कशाला?

इथपर्यंत दीड तास. आता पुढचं.

पहिल्याच दिवशी दुसरा रोहित भरताना ॲप अडलं. प्रत्येक ओळ ओळखायला ॲपशीटला एक रकाना लागतो, त्याला ते 'की' म्हणतं, आणि माझ्या शीटमध्ये त्याने नावालाच 'की' धरलं होतं. एका नावाची दोन माणसं त्याला चालत नाहीत. वहीत मावशींनी हे कधीच सोडवलंय: 'रोहित' आणि 'रोहित चष्मा'. मी वेगळा आयडीचा रकाना केला आणि त्यात यूनिकआयडी हे सूत्र टाकलं. हे पहिल्या मिनिटाला करायचं काम आहे.

खरी फजिती जुलैच्या बिलांत झाली. वहीतले खाडे मी लॅपटॉपवरून शीटमध्ये टाइप केले: ३/७, ४/७, १४/७. ॲपने बिलं काढली, मी ती मावशींच्या व्हॉट्सॲपवरून ११ जणांना पाठवलीसुद्धा. अर्ध्या तासात एकाचा फोन. सात दिवस गावी होता, तरी पूर्ण महिना लावलेला. मग दुसऱ्याचा. तिसरा सरळ म्हणाला, "मावशी, तुम्हीपण असं करायला लागलात?" मावशी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

चूक अशी होती. माझ्या शीटची सेटिंग अमेरिकेची होती. तिथे महिना आधी लिहितात. त्यामुळे ३/७ म्हणजे ७ मार्च झाला, ४/७ म्हणजे ७ एप्रिल. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तर शीटने तारीख म्हणून ओळखल्याच नाहीत. जुलैतले खाडे मोजायला सांगितल्यावर ॲपला फक्त ७/७ सापडला! सूत्र बरोबर होतं, ॲपने एकही एरर दाखवली नाही, आणि आकडे चुकीचे. फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे जाऊन भारत निवडा, तेही तारखा भरायच्या आधी. नंतर बदललं तर आधीच मार्च झालेला जुलै परत येत नाही. मला सगळ्या तारखा पुन्हा टाकाव्या लागल्या, आणि त्या ११ जणांना मावशींनी स्वतः फोन केले.

त्यानंतर मी जूनचा महिना भरून बघितला. जूनचा हिशोब वहीत होऊन गेला होता, पैसेही आले होते, म्हणजे उत्तर आधीच माहीत होतं. तर ३८ पैकी एकाचंही जुळेना. सगळ्यांना एका दिवसाचे पैसे जास्त. मी परत तारखा तपासत बसलो. मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "अरे, पालखीचा दिवस." २० जूनला माउलींची पालखी आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीतून पुण्यात गेली. रस्ता बंद, डबे निघालेच नाहीत. मावशींनी सगळ्यांचा एक दिवस सोडला होता. वहीत त्याची नोंद नाही, कारण त्यांना ती लागत नाही. मग 'सुट्टी' नावाचं तिसरं पान केलं.

तरी सहा जणांचं उरलंच. तेव्हा कळलं, नियम वेगळाच आहे: सलग तीन दिवस नसाल तरच खाडा, आणि सकाळी नऊच्या आत सांगितलं पाहिजे. बरं, हा नियम सूत्रात बसवला, तर दोघांचं पुन्हा चुकलं. एक जण आजारी होता, दुसऱ्याची परीक्षा होती, आणि मावशींनी त्यांचे सुटे दिवसही धरले होते. "पोरं आहेत ती." याला सूत्र नाही. शेवटी खाड्याच्या फॉर्ममध्ये 'धरायचा का?' असा हो-नाहीचा रकाना टाकला. तो मावशीच भरतात. माझ्या मते अख्ख्या ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, आणि ती जेमिनीने सुचवली नव्हती. सुचवणार तरी कशी, मीच त्याला सांगितलं नव्हतं.

आता पोरं म्हणतायत की आमचा खाडा आम्हालाच टाकू दे. ते मी अजून केलेलं नाही. ॲपशीट चाचणीसाठी फुकटात दहा जणांपर्यंतच चालतं, त्यापुढे पैसे. शिवाय एकाला दुसऱ्याचा नंबर दिसता कामा नये. नुसता रकाना लपवून ते होत नाही, कारण माहिती तरीही फोनपर्यंत पोचलेली असते. त्यासाठी 'सिक्युरिटी फिल्टर' लावावा लागतो, म्हणजे ज्याची ओळ त्याच्याच फोनवर जाते. ते मी आधी दोन खोट्या मेंबरांवर करून बघतोय. तोवर खाडा व्हॉट्सॲपवर, नऊच्या आत, आणि वही ओट्याशेजारच्या खिळ्याला.