डावी बाजू, उजवी बाजू आणि मुलांचा डबा

शाळा सुरू झाल्या की आपल्या बहुतेक घरांत सकाळी साडेसहाला एकच प्रश्न असतो : आज डब्यात काय? आई-बाबा दोघेही नोकरीला, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच ठिकाणी आम्हा आजी-आजोबा मंडळींकडे आला आहे. नातवंडांना नूडल्स हवे असतात, आम्हाला पोळी-भाजी द्यायची असते आणि शेवटी तडजोड होते ती जॅम-पोळीवर. पहिली ते पाचवीच्या मुलांना संतुलित आहार समजावून कसा सांगावा, याबद्दल आम्हा निवृत्त मंडळींत बरीच चर्चा होते. त्यातले जे उपयोगी वाटले ते येथे मांडत आहोत.

आधी परिस्थिती पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० मुलांपैकी ७२ हून अधिक मुलांना रक्तक्षय आहे. हीच मुले पुढे पहिलीत जाऊन बसतात. ही गोष्ट फक्त गरीब वस्त्यांची आहे असे समजू नये, सुखवस्तू घरेही यातून सुटलेली नाहीत. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, त्याचे लक्ष टिकत नाही, आणि आपण मात्र ‘हा अभ्यासच करत नाही’ असे म्हणून मोकळे होतो.

लहान मुलांना प्रथिने, जीवनसत्त्वे, लोह असे शब्द पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही. परीक्षेत लिहितील आणि मधल्या सुट्टीत चिप्स खातील. त्यापेक्षा आपल्याकडे एक तयार तक्ता आहे, तो म्हणजे आपले वाढलेले ताट. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात-वरण-तूप आणि पोळी. मुलांना कागदाचे ताट आणि पदार्थांची चित्रे द्यावीत आणि ज्याची जागा त्याला लावायला सांगावे. आठ वर्षांचे मूल दहा मिनिटांत हे शिकते. मग विचारायचे : जॅम-पोळीच्या डब्यात डावी बाजू कुठे आहे? उजवी कुठे आहे? उत्तर ते स्वतःच देते, आपल्याला उपदेश करावा लागत नाही. (आणखी एक फायदा : इथल्या आपल्या मुलांना सगळेच ‘सलाद’ किंवा ‘रायता’ असते. ‘कोशिंबीर’ हा शब्दही या निमित्ताने त्यांच्या तोंडी बसतो.)

मात्र परंपरेच्या ताटात एक दुरुस्ती हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार जवळजवळ अर्धे ताट भाज्या आणि फळांचे असावे, आणि धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये. आपल्याकडे कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगराएवढा. तेव्हा डावी बाजू चमच्यावरून वाटीवर न्यायची, एवढाच बदल.

आता थोडा हिशेब, कारण सवय जात नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. सरकारी शाळांतील मध्यान्ह भोजनात, ज्याला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात, प्राथमिकच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे प्रथिनांची दिवसाची निम्मी गरज त्या एका जेवणात भागावी अशी अपेक्षा. आपल्या डब्याला हीच फूटपट्टी लावू. ५० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. २५ ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत आणखी सुमारे ६. झाले १२. उसळीच्या जागी जॅम आला की हिशेब सहावरच अडतो. महागड्या खासगी शाळेतला डबा सरकारी मापाच्या निम्म्यावर राहावा, हे काही बरे नाही.

मटकी मुलांकडूनच भिजवून घ्यावी. रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी मोड किती आले ते मोजायचे. जे आपल्या हाताने उगवले ते मूल सहसा टाकत नाही. मोड आल्याने त्यात क जीवनसत्त्व वाढते आणि त्यातले लोह अंगी लागायला मदत होते.

लोहावरून पोह्यांची गोष्ट. भोपाळमध्ये राहून पोहे-जलेबी सोडा असे सांगायची आमची छाती नाही, आणि सांगूही नये. रविवारी खावी. पण पोह्यांवर शेव आणि जीरावण पडते तसे लिंबूही पिळले गेले पाहिजे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने वनस्पतिजन्य अन्नातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. उलट जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. इथल्या कितीतरी घरांत चार-पाच वर्षांच्या मुलालाही सकाळी चहा-टोस्ट मिळतो. तो बंद करून दूध द्यावे, याबाबत आमच्यात मतभेद नाहीत.

साखर हा तिसरी-चौथीच्या मुलांना सर्वांत आवडलेला विषय, कारण यात गणित आहे. साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. १७०० कॅलरीच्या हिशेबाने ती २१ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे होते. बाटलीबंद गोड सोड्यात दर १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते. मग ३०० मिलीच्या बाटलीत किती चमचे? मूल भागाकार करते आणि आठ हे उत्तर आले की डोळे मोठे करते. तेवढी साखर समोर काचेच्या पेल्यात मोजून दाखवावी, म्हणजे पुढे बोलायला लागत नाही. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले आहे, ते याच पद्धतीचे. आपल्या नातवंडांच्या शाळेत ते लागले आहे का, हे पालकसभेत जरूर विचारावे. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरमध्ये जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियमही आहे. फाटकाबाहेर उभे राहून पाहिले की तो किती पाळला जातो ते कळतेच.

दोन गोष्टी टाळाव्यात. मुलाला ‘जाड्या’ किंवा ‘काडी पहिलवान’ म्हणू नये, आणि ‘भाजी संपव, मग चॉकलेट देतो’ असा सौदा करू नये. त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

शेवटचा प्रयोग बाजाराचा. आठवडी हाटात मुलाला पन्नास रुपये द्यावेत आणि डाव्या-उजव्या बाजूची खरेदी त्याच्यावर सोपवावी. पावसाळ्यात भुट्टे, दिवाळीच्या सुमारास तलावातले ताजे शिंगाडे, थंडीत मटार, गाजर, मेथी आणि पेरू. शिंगाडे घेतले तर सालासकट नीट धुऊन उकडावेत आणि मगच सोलायला द्यावेत, कारण कच्च्या सालीला तलावातली घाण आणि जंतू चिकटलेले असतात, आणि मुले ते थेट दातांनी सोलतात.